पेवात उतरण्याआधी

हरिपूरच्या माळावर आमच्या अण्णांचं काम एवढंच:
पेवाचं तोंड फोडायचं,
दोरीला कंदील बांधून आत सोडायचा
आणि काठावर उकिडवं बसून बघायचं.
ज्योत तगली तर माणूस उतरणार.
विझली तर चहा.

व्यापारी घड्याळ बघायचा. अण्णा बशीत फुंकर घालायचे.
"हळद कुठं पळून जात न्हाई, शेठ."

मी आता विश्रामबागेत, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर
प्रोग्राम चालवत नाही. वाचते.
चालण्याआधीच सांगायचं असतं मला,
किती वेळ खाईल, किती जागा मागेल,
यादी दुप्पट झाली तर खर्च दुप्पट की चौपट.
यादीतल्या एकेका आकड्याच्या पदराला
मी कागदावर एक नाणं बांधून देते;
पुढं एखादी महागडी पायरी आलीच
तर तिथं ती सुटतात.

"मॅडम, ही तर आमच्या गल्लीतली भिशी,"
रुक्साना तांबोळी म्हणाली.
मी तो शब्द शोधनिबंधात घातला.
परीक्षकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

सगळ्याच प्रोग्रामांचं सांगता येत नाही.
हे सिद्ध झालंय, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.
काही आत शिरतात आणि स्वतःलाच हाका मारत राहतात,
तेव्हा माझं यंत्र एकच ओळ लिहितं:
सीमा सापडली नाही.
पुष्कळ वर्षं मी ती ओळ
नापास झाल्यासारखी वाचायचे.

काल रुक्सानाचा प्रोग्राम तपासायला घेतला,
हळदीच्या सौद्यांचा हिशेब.
सीमा सापडली नाही.
"पण चालतोय की, मॅडम! शंभरदा चालवलाय."

शिदू कोळेकरही असंच म्हणाला होता.
"कालच तर उतरलो हुतो की, अण्णा."
कंदिलाची काच पुसून होईपर्यंत
तो कमरेइतका आत गेला होता, मग दिसेनासा.
दोरीनं वर ओढला तेव्हा
त्याच्या पापण्यांवर हळद होती.
त्या दिवशी अण्णांनी चहा घेतला नाही.
नंतर कधी त्याचं नावही नाही.

हे मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, बघू, कुठली यादी कमी होत नाहीये.
ती ओळीवर बोट ठेवत खाली सरकत राहिली,
सहा वाजले, शिपाई किल्ल्या वाजवून गेला.
एका ओळीवर बोट थांबलं.
"इथं," ती म्हणाली, "नाही, थांबा…"

मी म्हटलं, घाई नाही.
पडदा तसाच उजळ ठेवून
आम्ही कँटीनला उतरलो.