पहारेकरी

टाम्परेत जानेवारी. उणे एकोणीस.
आउने सारिक्कोनं अ‍ॅम्प्लिफायर आणला
ढकलायच्या स्लेजवर, घोंगडीत गुंडाळून,
आजारी कुत्रं आणावं तसा.

"बंद पडत नाही," ती म्हणाली, "तक्रार ती नाहीच.
पण चेलोची सगळ्यात जाड तार वाजते ना,
तेव्हा आत कुणीतरी चोरून श्वास घेतं."

चाळीस वर्षं ती त्या तारेमागे बसलेली.
रेइयोनं वाद घातला नाही.
झाकण उघडलं. मी टॉर्च धरला.

आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर धडधाकट,
हीटसिंकवर धुळीची साय,
आणि स्पीकरच्या वाटेत, ऐन वाटेत,
काचेच्या नळीत केसाएवढी तार.
फ्यूज.
कुण्या भल्या मेकॅनिकनं बसवलेला,
काही जळू नये म्हणून.

खोल स्वर आला की ती तार तापते,
तापली की थोडं अडवते,
स्वर ओसरला की निवते, सोडते.
"रेघ बघ," रेइयो म्हणाला. पडद्यावरची रेघ
जरा खांद्यात वाकत होती.
कुंपणच शेत खात होतं,
पण किती हळू, किती सभ्यपणे.

मला बाबा आठवले.
गोठलेल्या तळ्याच्या काठावरून ओरडायचे, सावकाश!
मी त्या हाकेलाच पडायचो.

फ्यूज काढला. जागी जाड तांबं, सरळ.
पहारा मागं नेला, वीजपुरवठ्याच्या दाराशी:
डीसी दिसला, प्रवाह बेफाम झाला,
तर कोठारालाच कुलूप.
एरवी त्यानं स्वराला हात लावायचा नाही,
कुठून आलास विचारायचं नाही.

"वाचतील ना ट्रान्झिस्टर?"
"बहुतेक," म्हणाला,
आणि स्क्रूड्रायव्हरनं
स्पीकरची दोन टोकं मुद्दाम जोडली.
खट्.
अंधार. जळका वास नाही.
पुन्हा. खट्.
तिसऱ्यांदा मला करायला लावलं.
माझे डोळे मिटलेले होते, हे त्यानं पाहिलं.

आउनेनं ऐकलं, टोपी न काढता.
तार खाली, अजून खाली उतरली,
खिडकीची काच हलली, बस.
"गेला," ती म्हणाली. "कोण होता?"

रेइयोनं ती काचेची नळी
तिच्या हातमोज्यावर ठेवली.
तिनं उजेडात धरून पाहिली,
तार अजून शाबूत.

"अकरा वर्षं जागा होता बिचारा,"
म्हणाली, आणि खिशात घातली.