हरकतींचा शेवटचा दिवस

येरवड्यात, क्षेत्रीय कार्यालयाच्या फाटकाला लागून
करंजाखाली माझं टेबल.
मशीन जुनं. ‘ह’ उमटत नाही.
‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही त्याच्यावाचून अडतात,
म्हणून तो मी नंतर निळ्या पेनानं काढतो.

आराखडा भिंतीवर लागला त्याला आज तीस दिवस.
पाच वाजता आवक बंद.
सकाळपासून आतल्यापेक्षा रांग माझ्याकडेच मोठी.

शकीला तांबोळी म्हणते, लिहा,
बारा मीटरचा रस्ता माझ्या गिरणीतून जातो.
रस्ता जाऊ दे, जातं राहू दे.

गायखे मास्तरांना नकाशात नाला सापडत नाही.
‘श्रावणात या म्हणावं, तो स्वतःच ओळख करून देईल.’
हे वाक्य मी गाळलं.
त्यांनी चष्मा पुसून वाचलं
आणि पुन्हा घालायला लावलं.

बेबीताई साळवे हाच रस्ता झाडतात, पहाटे साडेपाचपासून.
‘माझी हरकत नाही हो. सूचना आहे.
झाडू ठेवायला, कपडे बदलायला एक खोली.
कडी आतून लागणारी.’
पैसे देताना परत म्हणाल्या, आतून.

सव्वाचारनंतर घाई झाली. ‘ह’ काढायचे राहिले.
गठ्ठा आत गेला, शिक्के बसले.
संध्याकाळी कार्बनच्या प्रती चाळताना पाहिलं:
विषयाच्या ओळीत एक जागा मोकळी
आणि पुढे नुसतं
रकत.
आमची रकत नोंदवून घ्यावी.
एकशे त्रेसष्ट अर्ज.

सुनावणी मंगळवारी. माणशी तीन मिनिटं.
साहेबांनी कागद दिव्याकडे धरला,
‘हे काय लिहिलंय?’
कारकून हसला.
शकीला म्हणाली, बरोबर लिहिलंय, पुढचं वाचा.
त्यांनी वाचलं. सगळं वाचलं असं वाटलं तरी.

मी मागच्या बाकावर होतो, नकाशा तिथून सरळ दिसायचा.
तांबडी रेघ गिरणीवरून येते,
नाला नसलेल्या जागेवरून जाते,
आणि फाटकाशी वळताना
करंजाला आत घेते.
करंजाखाली कोण बसतं हे नकाशात नसतं.

इतक्या लोकांचं लिहिलं, स्वतःचं सुचलं नाही.
मुदत तर गेली.
गेलेल्या मुदतीनंतर जे म्हणायचं
त्याला कार्यालयात शब्द आहे की नाही, ठाऊक नाही.

बुधवारी गिऱ्हाईक यायच्या आत
जुना टूथब्रश पेट्रोलात बुडवला
आणि ‘ह’ची कळ घासत बसलो.