मंगळवारचा दंड

मंगळवारी साडेसहाला हॉल मी उघडते.
किल्ली वाकडी आहे;
दार आधी आत रेटायचं, मग फिरवायची.
ग्लेनमोरात हे तिघांना जमायचं, आता दोघांना.

जुलै. दक्षिण बेटाच्या या टोकाला
थंडी आधी येते आणि माणसं मागून.
हीटर तापायला अर्धा तास घेतो,
तोवर सगळे कोटासकट बसतात.
अकरा जण.
खुर्च्या चाळीस आहेत, भिंतीशी रचलेल्या.

इतिवृत्त मीच वाचते:
शनिवारी पुलापाशी एकशे ब्याऐंशी सॉसेज विकले,
कांदे अकरालाच संपले,
कारण वाढायला तेविता होता, आणि त्याला हात आखडता येत नाही.
लाकूड तीन ट्रेलर फोडलं.
दोन पोचले. तिसरा मर्डॉकच्या अंगणात
टायर बसवून उभा आहे.
मटणाच्या सोडतीत नंबर पुन्हा पाद्रीबाईंचाच.
कुजबुज झाली.
त्यांनी पार्सल परत सोडतीत टाकलं.
कुजबुज थांबली.

मग उठतो आयव्हर, आमचा दंडाधिकारी.
गळ्यात जुन्या संडासाची साखळी, हेच त्याचं पदक.
हातात बिस्किटांचा डबा.
त्याच्या कायद्याला अपील नाही.
नवे बूट: दोन डॉलर.
पेपरात फोटो आला: दोन.
आला नाही: एक.
हायवेवर मेंढ्या आल्या म्हणून लोर्नाला पाच.
मेंढ्या शेजाऱ्याच्या होत्या. तरीही पाच.
या खणखणाटातूनच गेल्या वर्षी
दवाखान्याला व्हीलचेअर मिळाली.

आणि शेवटी चष्मे.
चर्चमधून, केमिस्टकडून,
गेलेल्यांच्या खणांतून गोळा झालेले,
टोंगाला जायचे.
मी पुसते, नंबर बघते, चिठ्ठी लावते.

त्या मंगळवारी खोक्यातून
एक जांभळी फ्रेम हाती आली.
उजव्या काडीला चिकटपट्टी.
काचेवर पीठ.

स्कोन करताना इझोबेल
पिठाच्या हातानंच चष्मा वर सरकवायची.
सगळ्या गावाला ठाऊक.

समोर डुगल्ड.
पाच आठवड्यांनी आज पहिल्यांदाच आलेला,
कपातल्या चहाकडे बघत.
चहा कधीच निवला होता.

मी फडकं हातात धरून तशीच.
डबा घेऊन आयव्हर फिरत आला,
फ्रेम बघितली, मला बघितलं.
हीटर टकटकत होता.
आम्हा सगळ्यांच्या मनात एकच: जाऊ दे, याला जाऊ दे.

आयव्हर खाकरला.
साखळी सरळ केली.
"डुगल्ड मॅकफी.
न पुसलेला चष्मा क्लबात जमा केल्याबद्दल,
दोन डॉलर."

लोर्नाचा चमचा बशीवर आपटला.

डुगल्डनं एक खिसा चाचपला, मग दुसरा,
मग आतला.
पाचाची नोट निघाली. डब्यात पडताना तिचा आवाज झाला नाही.
"सुटे राहू देत," तो म्हणाला,
"पुढच्या मंगळवारी मी काहीतरी करीनच."

कोण आधी हसलं सांगता येणार नाही.
बहुधा तोच.

नंबर अधिक अडीच.
चिठ्ठीवर लिहिलं: बायकी फ्रेम, काडी दुरुस्त करावी.
काचा पुसल्या, आधी डावी, मग उजवी.
बिजागरीत थोडं पीठ उरलं.
ते राहू दिलं.