नऊ विरुद्ध सहा

ठराव मंजूर झाला, नऊ विरुद्ध सहा.
चिठ्ठ्या टाकून मतदान. बरं झालं.
इतिवृत्त मीच लिहिलं:
घरकामगारांना मागच्या लिफ्टची सक्ती रद्द.
प्रधानांनी सही केली, पेन झाकत म्हणाले,
"भेदभाव नव्हता हो तो. शिस्त होती."
मग चहा गार आला म्हणून वॉचमनवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली.
स्क्रूंची चार भोकं राहिली
आणि पाटीएवढा एक चौकोन,
बाकीच्या भिंतीहून उजळ.

लंकाबाई चेंबूरच्या घाटल्यातून येते, चौदा वर्षं.
म्हटलं, चला आता पुढच्या लिफ्टनं.
"तुमी व्हा म्होरं. माझं पाय वले हायेत."
पाय कोरडे होते.
मी आग्रह केला नाही.
हे इतिवृत्तात नाही.

मग एका मंगळवारी मागची लिफ्ट बंद पडली.
काम अकराव्या मजल्यावर.
ती आत आली, पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात उभी राहिली.
मी वर पंख्याकडे बघत राहिलो.
सातव्यावर दार उघडलं, टिपणीसबाई.
"जाऊ द्या, मी मागून येते."

लंकाबाईनं पितळी पट्टीवर बोट ठेवलं.
तिला वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
"सहा व्यक्ती," अक्षर अक्षर लावत ती म्हणाली,
"आपुन दोघंच हाव. या की बाई."

टिपणीसबाईंनी पदर आवरला.
आल्या.
आठ.
नऊ.
कुणीच काही बोललं नाही.