हीटर

मेढ्यात जानेवारी उतरला की
माझी इंडिका खोकते, पांढरा धूर सोडते
आणि गप्प बसते.
मग शाळेची पोरं उतारापर्यंत ढकलत नेतात,
"बाई, आता सोडा क्लच!"

दस्तगीर मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.
आधी हात काखेत धरून ऊब घेतली,
मग आत घातले.
तीन हीटर निघाले. चौथा काजळीत रुतलेला.
त्याच्या बुडाशी डिझेल सोडून म्हणाला,
"आता उद्या.
जोर केला तर आतच मोडंल,
मग हेड उतरवायचं, आन् तुमचा पगार."

उद्या म्हणजे परवा.
पाव आटा पुढं, अर्धा मागं,
तोंडातली सुपारी चावायची थांबवून.
निघाला.

बॅटरीला एकेक लावून पाहिला.
पहिला मेलेला. दुसरा. तिसराही.
ज्यानं दोन दिवस रडवलं तो चौथा मात्र
टोकापासून हळूहळू लाल होत गेला.
"ह्या एकट्यावर चालत होती वो गाडी."
कधीपासून, ते त्यालाही सांगता येईना.
मी म्हटलं, तीन हिवाळे तरी.
आईच्या डायलिसिसच्या फेऱ्या त्यातच आल्या,
पहाटे साडेचारला, सातारा.

नवे चार बसले.
किल्ली अर्धी फिरवली,
पिवळं वेटोळं पेटलं, विझलं,
पहिल्याच झटक्यात सुरू.

ढकलायला आलेली पोरं
खिशात हात घालून उभी राहिली,
जराशी नाराज.