दावं

विल्फ आला. बिस्किटांच्या डब्यात चौदा फ्लॉपी,
रबरबँड वितळून चिकटलेला.
"तू कॉम्प्युटरवाला ना? बघ काही उडतंय का."

उडालं, पण नको तितकं.
माझं यंत्र नवं, तापट. बटण दाबेपर्यंत
स्पिटफायर धावपट्टी गिळून कुंपणात.
सात वेळा मेलो आम्ही, चहा निवायच्या आत.

मग मी वेगाला दावं बांधलं.
हजारातला एक हिस्सा चालता ठेवला,
बाकीचं बळ उभ्या उभ्या रवंथ करत.

आता इंजिन खोकतं. ढग चौकोनी,
समुद्र एकाच निळ्याने सारवलेला.
शत्रू मागे लागतो; विल्फ वळून बघत नाही.
उत्तरेला निघतो, लिंकनकडे, आमच्याच गल्लीकडे,
जिथे बटाट्यांच्या वाफ्यात पडलेला विमानाचा टायर
त्याच्या आईने अर्धा कापून
कोंबड्यांना पाण्यासाठी ठेवला होता.

नकाशा वॉशच्या खाडीपाशी संपतो.
विमान थांबत नाही, पुढेही जात नाही.
पंखा फिरतो, आकडे हलत नाहीत.

"जरा ढील दे की," विल्फ म्हणतो,
काचेवर बोट टेकवून.
मी एक गाठ सोडतो.
पंखा किंचाळतो, टेबलाखालचाही.
कड जिथल्या तिथे.