अनुभव : शून्य

बँकेनं सॉल्व्हन्सीचा दाखला चौथ्या खेपेला दिला.
तीन वर्षांचा ताळेबंद, जीएसटी, पॅन,
मिक्सर स्वतःचा की भाड्याचा याचं शपथपत्र,
आणि कोणत्याही खात्यानं कधी काळ्या यादीत
टाकलेलं नाही, याचं वेगळं.
सगळं एका निळ्या फायलीत.
ती फाईल भाऊंनी थाटीपूरच्या कचेरीपर्यंत
डब्यासारखी सरळ धरून नेली,
आत काही सांडेल अशी.

भदौरियाबाबू सज्जन माणूस.
खुर्ची दिली, पाणी मागवलं,
मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "काकाजी,
या श्रेणीला समान स्वरूपाचं काम लागतं.
सात वर्षांच्या आतलं. पूर्णत्वाच्या दाखल्यासह.
आपल्या नावावर."

नावावर.

घाटीगावच्या वाटेवरच्या तीन मोऱ्या,
डबऱ्याची गोदामं,
सबलगडच्या शाळेच्या अकरा खोल्या,
मुरारकडचा तो स्लॅब, रात्री दोनला ओतलेला,
कारण ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दिवसा
थापी फिरायच्या आत माल सुकतो.
सगळं पेटी ठेकेदार म्हणून.
पेटी म्हणजे मोठ्या ठेक्याच्या पोटातला ठेका :
वरच्याचं नाव बोर्डावर,
मधल्याचं वरच्याच्या वहीत, पेन्सिलीनं,
आणि मजुरांचं कुठेच नाही.
(ही ओळ माझी. भाऊंना विचारलं तर ते
स्लॅबवरची सव्वीस नावं सांगतील,
कोण कुठल्या गावचा, कुणाला बिडी चालायची नाही.)

"वरच्या कंपनीकडून लिहून आणा ना," बाबू म्हणाले.

वरची कंपनी ओमगिरी बिल्डकॉन.
भिंडकडे कुठेसा त्यांचा रस्ता
पहिल्याच हिवाळ्यात पापडासारखा उठला,
आणि त्यांचं नाव त्या यादीत गेलं.
आता त्यांचा दाखला म्हणजे
बुडाल्या पेढीची हुंडी.
घाटीगावच्या मोऱ्यांना हे कुणी कळवलेलं नाही.
त्या आपल्या पाणी जाऊ देतात.

परतताना भाऊ कचेरीच्या पायरीवर थांबले.
मला वाटलं, दम लागला.
त्यांनी वाकून पायरीच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला,
म्हणाले, "कुणी केलंय हे? पाणी आत येतं."
आणि चालू लागले.

जेवणं झाल्यावर त्यांनीच विषय काढला.
"सगळ्यात खालच्या श्रेणीला अनुभव लागत नाही ना?"
नाही.
"मग तुझ्या नावानं भर. तू डिप्लोमावाली.
गटार, कुंपण, अंगणवाडीचा ओटा,
असली कामं मिळतील."
आणि तुम्ही?
"मी तुझ्याकडे कामाला. रोजी ठरवू.
उशीर झाला तर अर्धा खाडा."
आई हसली. मग ताटं उचलून आत गेली,
आणि चार ताटांना बराच वेळ लागला.

अर्ज ऑनलाइन, पण शपथपत्र अजून हातानं.
रात्री कोऱ्या जागा भरत बसले.
प्रोप्रायटर : विशाखा तुळजाराम साळुंके.
चाळीस वर्षांच्या बांधकामानंतर
सरकारी कागदावर त्यांचं नाव आलं ते हे,
माझ्या नावाच्या पोटात.
पेटी ठेकेदारासारखंच.

पूर्वी केलेली कामे, रकाना नऊ.
इथे पेन थांबलं.
रेघ मारावी? 'निरंक' लिहावं?
भाऊ मागे उभे होते, अडकित्त्यात सुपारी धरून.
त्यांना अक्षर लागत नाही फारसं,
पण कागदावरची मोकळी जागा कळते.

"शून्य लिहितेयस ना," म्हणाले,
"मग नीट गोल काढ.
विहिरीचं पहिलं कडं वाकडं बसलं
की खालपर्यंत वाकडंच जातं."